नाण्यांचा राखणदार : आबे बार्तेलेमी

जुनं नाणं हाती लागलं की पहिला विचार येतो तो किमतीचा. पण हजारो नाणी देशाच्या मालकीची असतील, तर ती मांडायची कशी, सांभाळायची कुणी आणि पैसा आणायचा कुठून? या तिन्ही प्रश्नांत पन्नास वर्षं घालवलेले एक गृहस्थ म्हणजे फ्रान्सचे झां-झाक बार्तेलेमी.

त्यांचा जन्म २० जानेवारी १७१६ चा, मार्सेयजवळच्या कासिसचा. धर्मशिक्षण झालं, हिब्रू आणि अरबीही शिकले, पण चर्चची जबाबदारी त्यांनी घेतली नाही. तरी 'आबे' ही धर्मशिक्षितांची पदवी नावाला कायमची चिकटली. १७४४ मध्ये ते पॅरिसला आले आणि पुढच्याच वर्षी राजाच्या नाणेसंग्रहाचे प्रमुख क्लोद ग्रो द बोझ यांचे मदतनीस झाले.

हा संग्रह १७४१ मध्येच व्हर्सायहून पॅरिसच्या राजग्रंथालयात आला होता. दालन मोठं देखणं! भिंतींवर नामांकित चित्रकारांची चित्रं, खाली नक्षीदार कपाटं. नाणी मात्र कपाटांच्या उथळ खणांत. हे बरंच म्हणायचं. काचेखाली नाण्याची एकच बाजू दिसते. अभ्यासकाला दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, वजनही करावं लागतं.

१७५३ मध्ये बोझ गेले आणि सगळा कारभार बार्तेलेमींकडे आला. जास्तीची नाणी देऊन नसलेली मिळवायची, खरं-खोटं पारखायचं, देशवार लावायचं, हे काम दिसायला रूक्ष, पण संग्रह त्यावरच उभा राहतो. १७५५ मध्ये ते नाण्यांसाठी इटलीलाही गेले. त्यांच्या कारकिर्दीत संग्रह दुपटीच्या आसपास वाढला. सगळ्यात मोठी भर पडली १७७६ मध्ये. जोझेफ पेलरँ यांचा तीस हजारांहून अधिक नाण्यांचा संग्रह तीन लाख लिव्रला राजाच्या नावे विकत घेतला गेला. रक्कम डोळे फिरवणारी होती खरी. पण लिलावात तो संग्रह फुटला असता, तर पुन्हा कधी एकत्र आला नसता.

आणि या नाण्यांचा उपयोग काय? १७५८ मध्ये बार्तेलेमींनी फिनिशियन लिपी वाचून दाखवली. माल्टाच्या द्वैभाषिक शिलालेखाला फिनिशियन शहरांच्या नाण्यांची जोड मिळाली, म्हणून ते जमलं.

मग १७८९ ची क्रांती आली. वेतनं-मानधनं बंद पडली, मिळकत जवळजवळ संपली. २ सप्टेंबर १७९३ ला कुणाच्या तरी चुगलीवरून सत्त्याहत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्याला तुरुंगात टाकलं. एका दिवसाच्या आत सोडलंही. पुढे त्यांना राष्ट्रीय ग्रंथालयाचं प्रमुखपद देऊ केलं गेलं. त्यांनी वयाकडे बोट दाखवून ते नाकारलं आणि आपली नाणी सांभाळत राहिले. राजा गेला, त्याचा संग्रह राष्ट्राचा झाला, राखणदार तोच राहिला. ३० एप्रिल १७९५ ला ते वारले. काम पुतण्याने पुढे चालवलं.

छत्तीस वर्षांनी, नोव्हेंबर १८३१ च्या एका रात्री, या दालनात चोरी झाली. दोन हजारांवर सोन्याच्या वस्तू गेल्या, बऱ्याचशा वितळवल्या गेल्या. राजा शिल्डेरिकच्या थडग्यातल्या सुमारे तीनशे सुवर्ण-मधमाश्यांपैकी आज दोनच उरल्यात. बाकीच्या कशा होत्या हे कळतं ते १६५५ च्या एका पुस्तकातल्या चित्रांवरून.

म्हणून संग्रहासाठी पैसा मागायचा तो फक्त खरेदीला आणि कपाटांच्या नक्षीला नाही. कुलूप, नोंदवही आणि ती वही भरणारा माणूस, यांचा खर्च आधी. पुढच्या वेळी वस्तुसंग्रहालयात गेलात, तर नाण्याच्या चकाकीआधी त्याखालची चिठ्ठी वाचा. नाणं कुठलं, कधीचं, वजन किती, हे तिथं लिहिलेलं असेल, तर समजा की तिथंही एखादा बार्तेलेमी बसलाय.