रूपकुंवर ज्योतिप्रसाद

भारताचा नकाशा समोर ठेवा. ईशान्येकडे ब्रह्मपुत्रा नदीची निळी रेघ दिसेल. तिच्या उत्तर तीरावर तेजपूर नावाचे शहर आहे. बाणासुराची कन्या उषा आणि श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध यांची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. ती गोष्ट याच गावी घडली असे आसामचे लोक मानतात. तेजपूरचे जुने नाव शोणितपूर. याच गावातल्या एका मुलाने वयाच्या चौदाव्या वर्षी या गोष्टीवर नाटक लिहिले. त्याचे नाव 'शोणित कुंवरी'. त्या मुलाचे नाव ज्योतिप्रसाद आगरवाला.

आगरवाला हे नाव आसामी वाटत नाही ना? खरेच आहे. ज्योतिप्रसादांचे पणजोबा नवरंगराम राजस्थानातून व्यापारासाठी आसामात आले आणि तेथेच राहिले. परक्या मुलखातली भाषा या घराण्याने केवळ बाजारापुरती शिकली नाही. आजोबा हरिविलास यांनी संत शंकरदेवांच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या मिळवून छापल्या. चुलते चंद्रकुमार यांनी १८८९ साली 'जोनाकी' हे आसामी मासिक काढले. आसामी साहित्याचे नवे युग या मासिकापासून सुरू झाले. अशा घराण्यात १७ जून १९०३ रोजी दिब्रुगडजवळच्या तामूलबारी चहामळ्यात ज्योतिप्रसादांचा जन्म झाला.

लहानपणापासून त्यांना गाण्याचा नाद होता. त्या काळी आसामी रंगभूमीवर बंगाली चालींचा फार जोर होता. शेतात, लग्नघरात आणि बिहूच्या सणात गायली जाणारी आसामी गाणी रंगभूमीवर आणणे कमीपणाचे वाटे. ज्योतिप्रसादांना हे पटेना. 'शोणित कुंवरी'तील गाण्यांना त्यांनी लोकगीतांच्याच चाली दिल्या. आपल्या आयांच्या ओठांवरची गाणी रंगमंचावरून ऐकताना लोक हरखून गेले.

१९२१ साली गांधीजींच्या असहकार चळवळीत त्यांनी उडी घेतली. पुढे १९२६ साली ते उच्च शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. मन मात्र कलेतच गुंतले होते. परत येण्यापूर्वी ते काही महिने जर्मनीत राहिले आणि तेथील मोठ्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो हे त्यांनी पाहिले. १९३० साली ते भारतात परतले, तेव्हा हाती पदवी नव्हती. डोळ्यांत मात्र एक स्वप्न होते. येताच ते पुन्हा स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

आता त्यांचे ते स्वप्न ऐका. १९३१ साली मुंबईत 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट निघाला. दुसऱ्याच वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा' आला. आसामात तेव्हा ना स्टुडिओ होता, ना यंत्रे, ना जाणकार माणसे. तरीही आसामी भाषेत बोलपट काढायचा असे ज्योतिप्रसादांनी ठरवले. त्यांनी कथा निवडली राणी जयमतीची. सतराव्या शतकातल्या या राणीने राजाच्या माणसांचा छळ सोसून प्राण दिला. पण आपला पती कोठे लपला आहे हे सांगितले नाही. पारतंत्र्यातल्या लोकांना ही कथा वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भोलागुरीच्या चहामळ्यात त्यांनी 'चित्रवन' नावाचा स्टुडिओ उभारला. बांबूच्या तट्ट्यांचे राजवाडे झाले. दिव्यांऐवजी सूर्याचा प्रकाश वापरला. छायाचित्रणासाठी लाहोरहून माणसे आणली. त्या काळी नाटकात स्त्रियांची कामे पुरुष करीत. ज्योतिप्रसादांनी मात्र स्त्रियांच्या भूमिकांसाठी स्त्रियाच हव्यात असा आग्रह धरला. जयमतीची भूमिका आइदेऊ हंदिकै या खेड्यातल्या मुलीने केली.

चित्रीकरण संपले. पुढच्या कामासाठी फिती लाहोरला नेल्या, आणि तेथे एक भयंकर गोष्ट लक्षात आली. जवळजवळ निम्म्या चित्रपटात आवाजच उमटला नव्हता! नट आपापल्या गावी गेलेले. त्यांना पुन्हा बोलवायला पैसे नव्हते. दुसरा कोणी असता तर हताश होऊन बसला असता. ज्योतिप्रसाद ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले आणि पुरुषांचे व स्त्रियांचे संवाद त्यांनी स्वतःच्या आवाजात भरले.

१० मार्च १९३५ रोजी कलकत्त्यात 'जयमती' प्रदर्शित झाला. आसामी भाषा प्रथमच पडद्यावर बोलू लागली. परंतु आसामात चित्रपटगृहे फारच थोडी होती. घातलेले पैसे परत आले नाहीत आणि ज्योतिप्रसाद कर्जात बुडाले. तरी १९३९ साली त्यांनी 'इंद्रमालती' हा दुसरा चित्रपट काढला. त्यात एका लहान मुलाला त्यांनी काम दिले. तोच मुलगा पुढे भूपेन हजारिका या नावाने भारतभर गाजला.

या स्वप्नाची किंमत एकट्या ज्योतिप्रसादांनी मोजली नाही. आइदेऊने चित्रपटात परक्या पुरुषाला पती म्हणून हाक मारली, एवढ्यावरून गावाने तिला वाळीत टाकले. तिच्याशी लग्न करायला कोणी पुढे आले नाही. तिने सारे आयुष्य एकटीने काढले. म्हातारपणी लोकांना तिची आठवण झाली आणि तिचा सत्कार झाला. २००२ साली आइदेऊबाई वारल्या. जयमतीसाठी टाळ्या वाजवणाऱ्या समाजाला आपल्या गावातली जयमती ओळखता आली नाही.

१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात ज्योतिप्रसाद तेजपूर भागातील चळवळीचे एक पुढारी होते. इंग्रज सरकारला चुकवून त्यांना भूमिगत व्हावे लागले. त्याच भागातील गोहपूर येथे २० सप्टेंबर १९४२ रोजी हाती तिरंगा घेऊन निघालेली सतरा वर्षांची कनकलता बरुआ पोलिसांच्या गोळीला बळी पडली. त्या दिवसांचे चित्र ज्योतिप्रसादांनी 'लभिता' नाटकात रेखाटले. त्याची नायिका राणी नाही, राजकन्या नाही. एक साधी खेडवळ मुलगी आहे. 'कारेंगर लिगिरी' म्हणजे राजवाड्यातील दासी. त्या नाटकातही एका दासीचे मन त्यांनी राजवाड्याहून मोठे दाखवले. याशिवाय त्यांनी सुमारे तीनशे गीते लिहिली. ती 'ज्योती संगीत' म्हणून आजही आसामात घरोघरी गायली जातात.

१७ जानेवारी १९५१ रोजी तेजपूर येथे अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हा दिवस आसामात 'शिल्पी दिवस' म्हणून पाळतात. लोक त्यांना प्रेमाने 'रूपकुंवर', म्हणजे सौंदर्याचा राजकुमार, म्हणतात.

'जयमती'च्या फिती बरीच वर्षे हरवल्या होत्या. पुढे काही रिळे त्यांच्या घरच्याच अडगळीत सापडली. आसामचे दिग्दर्शक अल्ताफ मजीद यांनी ती मोठ्या कष्टाने दुरुस्त केली.

मित्रांनो, तुम्ही घरी एक भाषा बोलता आणि शाळेत आणखी एक शिकता. ज्योतिप्रसादांच्या पणजोबांसाठी आसामी ही अशीच शिकलेली भाषा होती. चौथ्या पिढीत त्याच घरातल्या मुलाने तिला नाटक दिले, गाणे दिले आणि पडद्यावर बोलायला शिकवले.

शब्दार्थ
हस्तलिखित – हाताने लिहिलेले
हरखून जाणे – खूप आनंदित होणे
तट्टी – बांबूच्या कामट्यांची विणलेली भिंत
वाळीत टाकणे – समाजाबाहेर काढणे
भूमिगत होणे – लपून राहून कार्य करणे

स्वाध्याय
१. आगरवाला घराण्याने आसामी भाषेची कोणती सेवा केली?
२. लाहोरला कोणती अडचण आली? ज्योतिप्रसादांनी ती कशी दूर केली?
३. गावाने आइदेऊशी केलेले वर्तन तुम्हांला योग्य वाटते का? कारणे सांगा.
४. तुमच्या घरात गायले जाणारे एखादे जुने गाणे मिळवा व त्याचा अर्थ मराठीत लिहा.