अहिल्याबाई होळकर: झाड कुणाचे, राखण कुणाची?

वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला तुम्ही गेला असाल. तिथल्या लाल दगडी मंदिराच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकर यांचे नाव जोडलेले आहे. या पावसाळ्यात शेताला जिवंत कुंपण किंवा वारा प्रतिरोधक झाडे लावणार असाल, तर आधी त्यांच्या कारभाराकडे एकदा पाहा.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी जामखेडजवळच्या चौंडी गावात झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. लहान वयातच त्या होळकरांच्या सून झाल्या. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. 1766 मध्ये सासरे मल्हारराव आणि 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला. त्यानंतर राज्याचा कारभार त्यांनी स्वतः हाती घेतला आणि नर्मदाकाठच्या महेश्वरहून 28 वर्षे चालवला. फौजेची बाजू तुकोजीराव होळकरांकडे होती. विहिरी, बारव, घाट, धर्मशाळा त्यांनी स्वतःच्या मुलखाबाहेरही बांधल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कारभारातली नऊ-अकराची पद्धत आजही सांगितली जाते. शेतकऱ्याच्या जमिनीत वीस झाडे लावायची, राखण त्याने करायची. नऊ झाडांचे उत्पन्न त्याचे, अकरांचे राज्याचे. यातले मर्म साधे आहे. राखणाऱ्याला वाटा असेल, तर झाड जगते. आपल्या बांधावरची रोपे अनेकदा पाण्याअभावी मरतात, त्याहून जास्त ती कुणाचीच नसल्यामुळे मरतात. म्हणून सामाईक बांधावर खड्डा घेण्याआधी शेजाऱ्याशी बसून ठरवा: पाणी कोण देणार, फांद्या कोण छाटणार, शेंगा-लाकूड कोण नेणार. झाड मोठे झाल्यावर सावलीवरून होणारे भांडण तिथेच टळते.

निवड करताना पहिला प्रश्न विचारा: काय अडवायचे आहे?

जनावरे अडवायची असतील, तर करवंद, सागरगोटा किंवा चिलार यांसारखी काटेरी झुडपे दाट लावा. करवंद कमी पाण्यावर तगते आणि फळही देते. निर्गुंडीला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. गिरिपुष्पाच्या फांद्या लावूनही कुंपण होते आणि हिरवळीचा पाला मिळतो.

वारा अडवायचा असेल, तर मोसंबी किंवा केळीच्या बागेच्या पश्चिम व दक्षिण बाजूला ओळ घ्या. शेवरी लवकर वाढते, पण तिचे आयुष्य थोडे. म्हणून तिच्यासोबत सुरू किंवा बांबू लावा. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबू नका. बाग आणि विहिरीजवळ निलगिरी टाळा.

ओळ भिंतीसारखी गच्च नको. पूर्ण अडलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवरे करतो. थोडा वारा गाळून आत आला पाहिजे. ओळीत खिंडारही ठेवू नका, तिथून वारा जास्त जोराने घुसतो. झाडाच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत चांगले संरक्षण मिळते, म्हणजे 5 मीटर उंच ओळीमागे 50 मीटर. फळझाडे आणि या ओळीमध्ये मीटरभर खोल चर काढा, म्हणजे मुळे बागेचे पाणी व खत ओढणार नाहीत. जमले तर ही ओळ बागेच्या एक-दोन वर्षे आधी लावा.

अहिल्याबाईंनी बांधलेल्या विहिरींवर आणि घाटांवर पुढच्या अनेक पिढ्यांची सोय झाली. बांधावरची ओळही तशीच पिढ्यान् पिढ्या टिकू शकते. मात्र पहिली दोन उन्हाळे तिला पाणी कुणी घालायचे, हे नाव आजच पक्के करा.