गडवाटांचा परतवाडेकर

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालेली वाहने परतवाड्यात क्षणभर विसावतात. चहापाणी होते, गाडीत इंधन भरले जाते आणि मंडळी घाटाला लागतात. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी ही वर्दळ विशेष वाढते. विदर्भातील थंड हवेचे ठिकाण चिखलदरा, मेळघाटातील वाघाचे जंगल, शेजारच्या मध्य प्रदेशातील मुक्तागिरीची जैन मंदिरे या साऱ्यांची वाट परतवाड्यावरूनच जाते. मात्र महाराष्ट्रातील शहरी माणसाला पाठीवर पडशी टाकून गडावर जायला शिकवणारा लेखक याच गावात जन्मला, याचे स्मरण या प्रवाशांपैकी फार थोड्यांना असते. ८ जुलै १९१६ रोजी गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म परतवाड्यात झाला. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो ‘गोनीदा’ या तीन अक्षरांनी.

गोनीदांचा पहिला प्रवास म्हणजे गृहत्याग होता. सातवी इयत्ता झालेला हा मुलगा वयाच्या १३ व्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घराबाहेर पडला. शाळा तेथेच संपली. पुढची दीड-दोन तपे अन्नाची शाश्वती नव्हती आणि रात्रीच्या निवाऱ्याचीही नव्हती. या भटकंतीचे सार पुढे ‘स्मरणगाथा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत उतरले आणि १९७६ मध्ये त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

या वणवणीत त्यांना संत गाडगेबाबांचा सहवास घडला. बाबाही मूळचे अमरावती जिल्ह्यातलेच, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. हाती खराटा घेऊन गाव झाडणारा हा संत स्वतः घर न बांधता इतरांसाठी धर्मशाळा उभारत होता. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे येणाऱ्या गोरगरीब यात्रेकरूंना अंग टाकायला त्यामुळे जागा मिळाली. पर्यटन व्यवसाय ज्याला आज निवासव्यवस्था म्हणतो, तिचे सर्वांत निरपेक्ष रूप तरुण गोनीदांनी असे जवळून पाहिले. पुढे त्यांनी गाडगेबाबांचे चरित्र लिहिले.

गोनीदांच्या आयुष्यातील दुसरा मोठा प्रवास नर्मदा परिक्रमेचा. अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ समुद्राला मिळणारी ही नदी सतत उजव्या हाताला ठेवून पायी चालायचे, मिळेल त्या भिक्षेवर राहायचे, संचय करायचा नाही, असा या यात्रेचा जुना नेम. परंपरेने त्यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. परिक्रमावासीयाचा योगक्षेम काठावरची गावे वाहतात. त्यामुळे चालणाऱ्याला नदीइतकीच माणसेही भेटतात. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी याच अनुभवातून जन्मली. आज प्रवासी कंपन्या बसने अवघ्या काही आठवड्यांत परिक्रमा घडवून आणतात. वृद्धांना आणि नोकरदारांना ती सोय मोलाची वाटते. सरदार सरोवराच्या पाण्याने शूलपाणीच्या झाडीतील जुन्या पायवाटेचा मोठा भाग पोटात घेतला आहे. पायी चाललेल्या माणसाने शब्दांत जपलेला तो तीर त्यामुळे दस्तऐवजासारखा मोलाचा झाला आहे.

१९४७ च्या सुमारास गोनीदांनी लेखणीवरच उपजीविका करायचे ठरवले आणि ते पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे गड तेथून हाकेच्या अंतरावर. हा शेजार त्यांच्या साहित्याला निर्णायक ठरला. उन्हापावसात ते गड चढत राहिले, छायाचित्रे टिपत राहिले आणि तरुणांचे जथेच्या जथे सोबत नेत राहिले. त्या काळी गडावर जाणे म्हणजे सहल नव्हे. रस्ते नव्हते, मार्गदर्शक फलक नव्हते, मुक्कामाला एखाद्या देवळाची ओसरी आणि जेवायला गडकऱ्याच्या घरची भाकरी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. त्याच्या कितीतरी आधी या लेखकाने दुर्गपर्यटनाची आवड मराठी मनात पेरली होती.

‘किल्ले’, ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही त्यांची पुस्तके हाती घेऊन कित्येकांनी पहिला गड पाहिला. दरवाजे, बुरूज, टाकी यांची माहिती त्यांत आहेच, पण गोनीदांची खरी नजर गडावर राहणाऱ्या माणसावर खिळलेली असे. म्हणूनच गडांनी त्यांना कादंबऱ्याही दिल्या. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. मुंबईचा कोलाहल सोडून डोंगरावर परतलेला एकाकी म्हातारा तिचा नायक आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंगच्या परिसरातला, ‘रानभुली’ रायगडावरची, तर ‘जैत रे जैत’ कर्नाळ्याच्या सुळक्याखालच्या ठाकरांची. १९७७ मध्ये जब्बार पटेल यांनी या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटाने तो डोंगर आणि तेथली माणसे घरोघरी पोहोचवली.

हा वारसा आज कसोटीला लागला आहे. गोनीदांच्या हयातीतच, १९९६ मध्ये, रायगडावर रज्जुमार्ग सुरू झाला आणि ज्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नव्हत्या त्यांनाही शिवतीर्थ गाठता आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ दुर्गांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आहेत. राजमाचीवर पावसाच्या तोंडाशी काजवे पाहायला झुंबड उडते. तेथील उधेवाडीतले रहिवासी पाहुण्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करून चार पैसे मिळवतात. बुधाच्या माचीला पर्यटनाने रोजगार दिला, ही समाधानाची बाब होय. परंतु त्याच वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडतो, रात्रभर गोंगाट चालतो आणि गडावरचा माणूस पाहुण्यांच्या लेखी केवळ जेवण पुरवणारा उरतो. गोनीदांच्या लेखनात गडावर पाऊल ठेवणारा पाहुणा यजमानाचे नाव, त्याचे शेत, त्याची गुरे आणि त्याचे दुःख जाणून घेत असे. शोभा पाहायला आलेला आणि नाते जोडायला आलेला, असे प्रवाशांचे दोन प्रकार मानले तर गोनीदा कायम दुसऱ्या प्रकारातले राहिले. दुर्गपर्यटनाचा विस्तार होत असताना नेमका हाच प्रकार विरळ होत चालला आहे.

सह्याद्रीत रमूनही गोनीदांची वऱ्हाडशी असलेली नाळ तुटली नाही. ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी त्यांनी पूर्णाकाठच्या लोकजीवनावर, वऱ्हाडी बोलीचा साज चढवून लिहिली. १९८१ मध्ये अकोल्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा किशोरवयात घर सोडून गेलेला मुलगा सन्मानाने आपल्या मुलखात परतला होता. १ जून १९९८ रोजी ही भ्रमणगाथा थांबली.

परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर चिखलदऱ्याजवळ गाविलगडाची तटबंदी लागते. बहमनी काळापासूनचा हा दुर्ग डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने जिंकला. आत तलाव आहेत, भव्य मशीद आहे, तोफा आहेत. जागतिक वारसा यादीत त्याचे नाव नाही आणि चिखलदऱ्याचे ठरावीक ठिपके पाहणारे पुष्कळ पर्यटक त्याच्या दरवाजाशी छायाचित्र काढून माघारी फिरतात. परतवाड्यात चहा घेऊन निघालेल्या प्रवाशाने या गडासाठी अर्धा दिवस राखून ठेवला आणि वाटेतल्या कोरकू गावात एखाद्या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलला, तर गोनीदांच्या जन्मगावाला त्याने दिलेली ती खरी दाद ठरेल.