रेव्हरंड नारायण वामन टिळक : दान, हिशेब आणि स्वाभिमान

प्रतिवर्षी आषाढी वारीच्या दिवसांत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आमच्या लोणंद गावी मुक्कामास येते. दिंडीतील वारकरी आपली भिशी आपण भरतो आणि पंढरीची वाट चालतो. आपण भरलेल्या पैशाचे धान्य किती आले व किती शिजले, हे विचारण्यास त्याला कोणाची भीड वाटत नाही. ज्याने भरले, त्यालाच विचारण्याचा अधिकार, ही गोष्ट तो पुस्तकावाचून जाणतो. हीच साधी गोष्ट ख्रिस्ती मंडळीत रुजावी म्हणून तळमळणाऱ्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आज विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत. त्यांनी आयुष्याचा शेवटचा काळ आपल्याच सातारा शहरी काढला, म्हणूनही त्यांची ओळख आपणांस असणे अगत्याचे आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. मातृछत्र लवकर हरपले. नाशकास संस्कृताचे अध्ययन झाले आणि तेथेच कवित्वाचा अंकुर फुटला. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. परंतु एके ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. त्याच्या वाचनाने त्यांच्या मनात जे वादळ उठले, त्याची परिणती 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस झालेल्या बाप्तिस्म्यात झाली. घरदार, जात, गोत सारे दुरावले. लक्ष्मीबाईंचा व त्यांचा काही वर्षे वियोग झाला; पुढे त्या परत आल्या व स्वतः विचार करून 1900 साली ख्रिस्ती झाल्या.

त्यानंतर टिळकांनी तेव्हाच्या अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन व धर्मसेवा केली. 1904 साली त्यांना दीक्षा मिळाली आणि 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. अभंग, भजन आणि कीर्तन ही महाराष्ट्राची साधने त्यांनी ख्रिस्तभक्तीकडे वळविली. आजही मराठी उपासनेत त्यांची शेकडो गीते गाइली जातात.

परंतु एक शल्य त्यांच्या मनात सलत राहिले. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने उघडले, दुष्काळात अनाथांना पोटाशी धरले. हे उपकार टिळक कधी विसरले नाहीत. तथापि उपदेशकाचा पगार समुद्रापलीकडून येई आणि त्याचा हिशेबही समुद्रापलीकडेच जाई. मंडळीतील शेतकरी वा मजूर ना देणारा, ना विचारणारा. जो विचारीत नाही, तो हळूहळू बोलतही नाही. तो काळ राष्ट्राच्या जागृतीचा होता. 1916 साली लोकमान्यांनी होमरूल संघ स्थापिला. 20 ऑगस्ट 1917 रोजी माँटेग्यूसाहेबांनी जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन दिले. अशा वेळी ख्रिस्ती माणूस देशाच्या कारभारात वाटा मागू लागला, तर तो कोणाच्या अन्नावर बोलतो, ही शंका शेजाऱ्यांच्या मनात येई. टिळकांच्या कवितेत देशप्रीती ओतप्रोत भरलेली. त्यांना ही शंका बाणासारखी लागली असल्यास नवल नाही.

दूर अमेरिकेतही ह्या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. रिचर्ड ॲलन हा गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय मनुष्य. त्याने स्वकष्टार्जित पैशाने स्वतःची मुक्तता विकत घेतली. फिलाडेल्फियातील गोऱ्यांच्या मंदिरात त्याच्या बांधवांना प्रार्थनेतून उठविण्यात आले, तेव्हा त्यांनी ते मंदिर सोडले आणि 1794 साली आपले बेथेल मंदिर उभारले. त्या मंदिराची मालमत्ता कोणाची, हा वाद न्यायालयात गेला. 1816 साली निकाल कृष्णवर्णीय मंडळीच्या बाजूने लागला. त्याच मंदिरात 1830 साली कृष्णवर्णीयांची पहिली राष्ट्रीय परिषद ॲलन यांच्या अध्यक्षतेखाली भरली. दानपेटी आपली झाली, म्हणून सभाही आपली झाली. परंतु ज्या मंडळीने पुढाऱ्याला राजकारणात आपला आवाज म्हणून पाठवावे, तिने त्याच्याजवळ पैशाचाही हिशेब मागितला पाहिजे. एरव्ही धनी बदलतो, मिंधेपणा तसाच राहतो.

1917 सालच्या सप्टेंबरात, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात मुक्तद्वार होते. परकी वेतनाचा आधार सुटला होता आणि प्रकृती खालावत होती. अवघ्या दोन वर्षांच्या आत, 9 मे 1919 रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. दरबार त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ काव्यही अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. टिळकांच्या हाती आलेला पैसा टिकत नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथात हसतखेळत, पण प्रांजळपणे लिहिली आहे. दात्याचे औदार्य आणि हिशेबनिसाची दक्षता हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला टिळकांत उदंड होता. दुसरा घरात लक्ष्मीबाईंनी सांभाळला. दरबार त्यांच्या मागे का टिकला नाही, ह्याचा विचार करताना हा धडाही आम्हांस आठवतो. भक्तीने संस्था जन्मास येते, पण वहीखात्यावाचून ती जगत नाही.

आमच्या बालपणी एका मंडळीत छपरासाठी वर्गणी जमली. पावसाळा आला, छप्पर आले नाही. एका विधवा बाईने जमाखर्च विचारला, तेव्हा वडीलमंडळी रागावली आणि आम्ही सारे गप्प बसलो. ते गप्प बसणे आम्हांस आजही लाजविते. 1950 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांना, देवळे व चर्चे ह्यांच्या विश्वस्त संस्थांनाही, हिशेब ठेवून तपासून घेणे भाग पाडले आहे. परंतु कायदा कागद तपासतो. प्रश्न विचारणारी जीभ ज्याची त्यानेच कमवावी लागते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, वर्गाच्या सहलीचे चार रुपये तुमच्या हाती असोत की उद्या गावाचे चार लक्ष, जमा व खर्च भिंतीवर लावा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने हिशेब विचारला, तर त्यास उद्धट म्हणू नका. जो आज दानपेटीचा हिशेब निर्भयपणे विचारील, तोच उद्या राज्यकारभाराचा हिशेब विचारू शकेल. साताऱ्याच्या त्या कवीचे ऋण फेडण्याचा ह्याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.