फतहुल्ला इमाद-उल-मुल्क : तरफदारीकडून राज्याकडे

मेळघाटातील धारणीच्या आग्नेयेस गाविलगड व दक्षिणेस नरनाळा हे दोन दुर्ग आहेत. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याचे राजकारण समजून घेण्यासाठी हे दुर्ग हेच महत्त्वाचे साधन ठरते.

परंपरागत वृत्तान्तानुसार फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातील हिंदू कुळातला. बालपणीच तो युद्धात कैद झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि स्वकर्तृत्वाने बहमनी राज्याचा तरफदार होऊन एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, आला.

वजीर महमूद गवान याने राज्याच्या चार तरफांच्या आठ तरफा केल्या. त्यात वऱ्हाडची गाविल व माहूर अशी विभागणी होऊन गाविल फतहुल्लाकडे राहिले. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला असावा, उरलेल्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार असावेत, असाही दंडक गवानने घातला. त्यामुळे सरदारांत असंतोष पसरला. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गवानचा वध झाला. त्यानंतर फतहुल्लाने सुलतानाच्या छावणीपासून अंतर राखले. ज्या सुधारणेने त्याचा अधिकार आकसला तिच्या कर्त्याचा वध झाला, तेव्हा त्याच्याही मनात दरबाराविषयी विश्वास उरला नाही, असे दिसते.

मात्र त्याने उघड बंड केले नाही. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाच्या १४८७ च्या शिलालेखात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे आणि तरफदार म्हणून फतहुल्लाचेही आहे. पुढच्याच वर्षी, १४८८ मध्ये, त्याने गाविलगडाची पुनर्बांधणी केली. गवानचा दंडक अमलात असता तर दोन्ही गडांवर एकाच तरफदाराला असे बांधकाम करता आले नसते. म्हणजे शिलालेखात सार्वभौमत्व सुलतानाचे, पण दरवाजे बांधणारा हात फतहुल्लाचा.

१४९० मध्ये अहमदनगर व विजापूर येथील सरदारांप्रमाणे त्यानेही स्वातंत्र्य पुकारले, असे इतिहासग्रंथ सांगतात. तथापि उपरोक्त पुरावा पाहता त्या वर्षास प्रारंभ न मानता परिणती मानणे अधिक युक्त ठरते. १५०४ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला व पुत्र अलाउद्दीन गादीवर आला. १५७४ मध्ये निजामशाहीने हे राज्य जिंकून घेतले.

फतहुल्लाला केवळ बंडखोर वा केवळ राज्यसंस्थापक म्हणणे अपुरे आहे. केंद्रसत्ता दुबळी होत असता निष्ठेची भाषा न सोडता निष्ठेचा आशय बदलणारा सरदार, हीच त्याची खरी ओळख होय.