आल्बर्ट नाइसर
आल्बर्ट लुडविग सिगेसमुंड नाइसर (२२ जानेवारी १८५५ – ३० जुलै १९१६) हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ व जीवाणुशास्त्रज्ञ होते. परमा या गुप्तरोगाला कारणीभूत असलेल्या जीवाणूचा शोध त्यांनी १८७९ मध्ये लावला. त्वचारोगशास्त्राला जर्मन विद्यापीठांमध्ये स्वतंत्र विषयाचे स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. रुग्णांच्या संमतीविना केलेल्या प्रयोगांमुळे त्यांचे नाव वैद्यकीय नीतिशास्त्राच्या इतिहासातही नोंदले गेले आहे.

बालपण व शिक्षण
नाइसर यांचा जन्म प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील श्वाइडनिट्झ (सध्या पोलंडमधील श्विदनित्सा) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मोरित्झ नाइसर हे डॉक्टर होते. आल्बर्ट एक वर्षाचे होण्यापूर्वीच आईचे निधन झाले व सावत्र आईने त्यांचा सांभाळ केला. माध्यमिक शिक्षण ब्रेस्लाउ (सध्याचे व्रोत्स्वाफ) येथे झाले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे पाउल एर्लिश हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. एर्लांगेन व ब्रेस्लाउ येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास करून १८७७ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. अंतर्गत रोगांच्या विभागात काम करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु तेथे जागा रिकामी नसल्याने ते ब्रेस्लाउ येथील ओस्कार सिमोन यांच्या त्वचारोग रुग्णालयात साहाय्यक म्हणून रुजू झाले. अशा रीतीने ते योगायोगानेच या शाखेकडे वळले.

परम्याच्या जीवाणूचा शोध
त्या काळी ब्रेस्लाउ हे जीवाणुशास्त्राचे महत्त्वाचे केंद्र होते. फर्डिनांड कोन व कार्ल वाइगर्ट यांच्या कार्यामुळे जीवाणूंचे वर्गीकरण आणि त्यांना रंग देण्याच्या पद्धती तेथे प्रगत झाल्या होत्या. रॉबर्ट कॉख यांच्या तंत्राचा व झाइस कंपनीच्या नव्या सूक्ष्मदर्शकाचाही नाइसर यांना उपयोग झाला. परम्याच्या रुग्णांच्या पुवाचे नमुने रंगवून पाहताना त्यांना जोडीजोडीने राहणारे गोलाकार सूक्ष्मजंतू सातत्याने आढळले. नवजात बालकांच्या डोळ्यांतील पुवातही तेच जंतू दिसले. १८७९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. परमा व उपदंश हे एकच रोग की वेगळे, हा जुना वाद मिटण्यास या शोधाने मोठी मदत झाली. पुढे या जीवाणूंच्या प्रजातीला त्यांच्या सन्मानार्थ नाइसेरिया हे नाव देण्यात आले. मेंदूज्वराचा एक जीवाणूही याच प्रजातीत मोडतो.

हान्सेन यांच्याशी वाद
१८७९ मध्ये नाइसर कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेला गेले. तेथील डॉक्टर गेर्हार्ड आर्माउअर हान्सेन यांना १८७३ मध्येच कुष्ठरुग्णांच्या ऊतींमध्ये दंडाकार जंतू दिसले होते. मात्र ते नीट रंगवून दाखवणे त्यांना साधले नव्हते. त्यांनी आपल्याकडील नमुने नाइसर यांना दिले. नाइसर यांनी ते यशस्वीपणे रंगवले आणि १८८० मध्ये शोधाचे श्रेय आपल्याकडे घेणारा लेख प्रसिद्ध केला. हान्सेन यांनी आपल्या आधीच्या कार्याचा तपशील प्रसिद्ध करून त्यास उत्तर दिले. अखेरीस शोधाचे श्रेय हान्सेन यांना मिळाले. जंतू स्पष्टपणे रंगवून दाखवण्याचे श्रेय नाइसर यांच्याकडे राहिले.

प्राध्यापकपद
सिमोन यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, नाइसर ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक व त्वचारोग रुग्णालयाचे प्रमुख झाले. १८९२ मध्ये रुग्णालयाला नवी वास्तू मिळाली. जर्मन त्वचारोग संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. १९०७ मध्ये ते पूर्ण दर्जाचे प्राध्यापक झाले. त्यांचे शिष्य योझेफ याडासोन हे पुढे ब्रेस्लाउ येथे त्यांचे उत्तराधिकारी ठरले.

संमतीविना केलेले प्रयोग
उपदंशावर प्रतिबंधक लस शोधण्याच्या प्रयत्नात नाइसर यांनी १८९२ मध्ये उपदंशाच्या रुग्णांचा पेशीविरहित रक्तद्रव इतर आजारांसाठी दाखल झालेल्या स्त्रियांना टोचला. त्यांत बहुसंख्य तरुण वेश्या होत्या. त्यांना प्रयोगाची माहिती दिली गेली नाही व संमतीही घेतली गेली नाही. त्यांपैकी काहींना पुढे उपदंश झाला. हा रोग टोचणीमुळे नव्हे तर त्यांच्या व्यवसायामुळे जडला, असे नाइसर यांचे म्हणणे होते. १८९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली आणि प्रशियाच्या संसदेतही चर्चा झाली. बहुतेक प्राध्यापकांनी नाइसर यांची बाजू घेतली. आल्बर्ट मोल यांच्यासारखे टीका करणारे डॉक्टर मोजकेच होते. शिस्तपालन न्यायालयाने संमती घेणे आवश्यक होते असे ठरवून नाइसर यांना ३०० मार्क दंड केला.

या प्रकरणानंतर २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या मंत्रालयाने रुग्णालयप्रमुखांना आदेश दिला. निदान, उपचार व लसीकरण यांव्यतिरिक्त कोणताही वैद्यकीय प्रयोग अल्पवयीन व्यक्तींवर करू नये, तसेच संभाव्य दुष्परिणामांची कल्पना देऊन स्पष्ट संमती घेतल्याशिवाय कोणावरही करू नये, असे त्यात म्हटले होते. रुग्णाच्या संमतीसंबंधीच्या आरंभीच्या सरकारी नियमांमध्ये या आदेशाचा समावेश होतो.

उपदंशावरील पुढील कार्य
१९०२ मध्ये गुप्तरोगांच्या प्रतिबंधासाठी स्थापन झालेल्या जर्मन संस्थेच्या संस्थापकांमध्ये नाइसर होते. वेश्यांवर पोलिसी बंधने घालण्याऐवजी आरोग्य यंत्रणेने देखरेख ठेवावी, असे मत त्यांनी मांडले. १९०५ पासून त्यांनी जावा बेटावर मोहिमा काढून वानरांमध्ये उपदंशाचा अभ्यास केला. १९०६ मध्ये आउगुस्ट फॉन वासरमान व कार्ल ब्रुक यांच्यासह त्यांनी उपदंशाच्या निदानासाठी रक्तचाचणी प्रसिद्ध केली. ती वासरमान चाचणी म्हणून ओळखली जाते. एर्लिश यांच्या साल्वर्सान या औषधाच्या चाचण्यांतही त्यांनी भाग घेतला.

वैयक्तिक जीवन व मृत्यू
१८८३ मध्ये त्यांचा विवाह टोनी काउफमान यांच्याशी झाला. कला व संगीत यांची दोघांनाही आवड होती. ब्रेस्लाउ येथील त्यांच्या घरी कलावंतांचा राबता असे. १९१३ मध्ये टोनी यांचे निधन झाले. मूतखड्यावरील शस्त्रक्रियेनंतर झालेल्या रक्तदोषामुळे नाइसर यांचा ३० जुलै १९१६ रोजी ब्रेस्लाउ येथे मृत्यू झाला. त्यांचे घर पुढे संग्रहालय म्हणून खुले झाले. नाझी राजवट आल्यावर ते बंद करण्यात आले.