पाचगणीचा फारोख आणि आमच्या ओट्यावरचं भांडण

चौक म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चार रस्ते मिळतात तो चौक. पण मैत्रिणींनो, आमचं चौक हे गावच आहे. भाईंदर स्टेशनबाहेरून बस पकडायची, डोंगरी मागं टाकायची आणि शेवटच्या स्टॉपला उतरायचं. टेकडीवर धारावी किल्ल्याची जागा आणि चिमाजी अप्पांचं स्मारक, खाली आमची घरं, बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील आणि पुढं समुद्र. अशा गावात रविवारची मिस्सा आटोपल्यावर दोन माणसं कशावरून भांडत असतील? तुम्ही म्हणाल, जागेवरून, नाहीतर मासळीच्या भावावरून. आमच्या ओट्यावर भांडण चालतं ते क्वीन नावाच्या विलायती बँडवरून!

एका बाजूला माझा दादा. तरुणपणी शिपवर होता. प्रत्येक फेरीत सगळ्यांसाठी साबण-पावडर आणायचा आणि स्वतःसाठी कॅसेट. दुसऱ्या बाजूला त्याचीच मुलगी, माझी भाची, कॉलेजात जाणारी. 2018 साली आलेला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमा तिनं पाहिला आणि तेव्हापासून तीही या बँडची भक्त झाली. दोघांचा देव एकच, पण एकमत म्हणून होत नाही.

दादाचं म्हणणं, क्वीन 24 नोव्हेंबर 1991 ला संपला. त्या दिवशी फ्रेडी मर्क्युरी गेला. त्याच्यानंतर पॉल रॉजर्सला घेऊन फिरले, आता अॅडम लँबर्टला घेऊन फिरतात, ते सगळं दुकानाची जुनी पाटी ठेवून नवा माल विकण्यासारखं आहे. जॉन डीकन शहाणा, 1997 नंतर गप्प घरी बसला. भाची म्हणते, वा रे वा! ब्रायन मे आणि रॉजर टेलर जिवंत आहेत ना? गाणी काय एकट्या फ्रेडीनं लिहिली? ‘वी विल रॉक यू’ ब्रायन मेचं, ‘रेडिओ गा गा’ रॉजर टेलरचं. नवरा गेला म्हणून बाईनं आयुष्यभर कोपऱ्यात बसायचं, तसंच का हे? तिच्या या वाक्याला मी मनातल्या मनात टाळी दिली.

खरं सांगते, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फ्रेडी म्हणजे गंजीफ्रॉक घातलेला, मिशीवाला कुणीतरी गोरा, एवढीच माझी समजूत. एका रविवारी भाची म्हणाली, अगं आत्या, तो गोरा नव्हता, पारशी होता, आणि शिकला आपल्या पाचगणीला. मी बोंबील साफ करत होते. हातातली सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, बस इथं, मला पहिल्यापासून सांग.

तर त्याचं नाव फारोख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं मूळचं गुजरातेतल्या बलसारचं, म्हणजे आताच्या वलसाडचं, म्हणून आडनाव बलसारा. वडील बोमी इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर, आई जेर, पाठची बहीण कश्मिरा. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आईबापांनी त्याला 1955 च्या सुमाराला पाचगणीच्या सेंट पीटर्स या बोर्डिंग शाळेत घातलं. पोरगं तेव्हा आठ वर्षांचं! झांझिबारहून बोटीनं मुंबई, मग पुणे, आणि पुढं पसरणीचा घाट. शाळेची सहल घेऊन मी त्या घाटानं गेले आहे. बसमधली तिसरी-चौथीतली पोरं दुसऱ्या दिवशीच आईच्या आठवणीनं रडायला लागतात. आणि हा मुलगा समुद्रापलीकडं आईला सोडून आलेला. सुट्टीतसुद्धा घर लांब, म्हणून बरेचदा मुंबईला नातेवाइकांकडं जायचा.

त्याला वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले. पोरं चिडवायची. पुढं पैसा आला, पण त्यानं दात काही नीट करून घेतले नाहीत. तोंडात जागा जास्त आहे म्हणून आवाज असा लागतो, दात काढले तर आवाजही जाईल, ही त्याची भीती. फोटोत मात्र ओठ मिटून, नाहीतर हात आडवा धरून हसायचा.

पाचगणीत तो पियानो शिकला. बॉक्सिंग खेळायचा, टेबल टेनिस खेळायचा, चित्रं छान काढायचा. साधारण बारा वर्षांचा असताना वर्गातल्या मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. रेडिओवर ऐकलेलं गाणं लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा. फारोखचा फ्रेडी झाला तोही तिथंच. म्हणजे जगातल्या सगळ्यांत मोठ्या गायकांपैकी एकाचा पहिला बँड आपल्या सातारा जिल्ह्यात जमला, आणि आम्हाला पाचगणी म्हटलं की आठवते फक्त स्ट्रॉबेरी!

शाळा संपवून तो झांझिबारला परतला आणि जानेवारी 1964 मध्ये तिथं क्रांती झाली. अरब आणि भारतीय जिवाच्या भीतीनं पळाले. बलसारा कुटुंब जमेल तेवढं सामान घेऊन इंग्लंडला आलं आणि लंडनजवळच्या फेल्टममध्ये राहिलं. सतरा वर्षांचा मुलगा, परका देश, घरची परिस्थिती बेताची. त्यानं ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकलं, विमानतळावर सामान उचललं, रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. 1970 मध्ये रॉजर आणि ब्रायन मे यांच्याबरोबर बँड सुरू केला. नाव क्वीन, हे त्यानंच सुचवलं. स्वतःचं आडनावही तेव्हाच बदललं, मर्क्युरी झाला. 1971 मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली.

इथं दादाला राहवलं नाही. त्याचा जुना राग आहे, की या माणसानं नाव टाकलं, पाचगणीचं, झांझिबारचं, पारशी घरचं कधी मोकळेपणानं बोलला नाही. आपल्या रंगाची लाज वाटली त्याला! भाची म्हणाली, बाबा, त्या काळच्या इंग्लंडात बलसारा नावाच्या पोराला रॉक गायक म्हणून कुणी उभं केलं असतं? आणि आपण बायका नाही का लग्नात नाव बदलत? तेव्हा कुणी विचारतं, का गं, माहेरची लाज वाटते का? दादा गप्प. मग म्हणाला, पण 1984 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद चालू असताना हे सन सिटीला जाऊन गायले, त्याचं काय? आता भाची गप्प. ती चूकच होती, असं दोघांनी मान्य केलं. अशी मान्यता आमच्या ओट्यावर क्वचित होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

1975 मध्ये फ्रेडीनं लिहिलेलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं! रेडिओवाले म्हणत, तीन मिनिटांच्या वर कोण ऐकणार? ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. भाचीनं मला ऐकवलं. आधी हळू, मग ऑपेरा, मग धडाधड गिटार, आणि मध्येच बिस्मिल्ला! अर्थ सगळा लागला नाही, पण एका मुलानं आईला हाक मारली आहे, एवढं मला कळलं.

दुसरी एक चित्रफीत तिनं दाखवली, ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ची, 1984 ची. गाणं जॉन डीकनचं. त्यात हे चौघे बाप्ये बायकांच्या वेशात आहेत. फ्रेडी मिशीसकट स्कर्ट घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. मी पोट धरून हसले. अमेरिकेत म्हणे ते लोकांना रुचलं नाही. मला मात्र बघता बघता वाटलं, घरकामाला जुंपलेल्या बाईला सुटायचं असतं, हे या माणसांना कुठून कळलं बाई!

13 जुलै 1985 चा लंडनच्या वेम्बली स्टेडियममधला लाइव्ह एडचा कार्यक्रम तर दोघांनाही तोंडपाठ. इथिओपियाच्या दुष्काळासाठी तो होता. बहात्तर हजार माणसं, आणि क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. फ्रेडीनं नुसता आवाज लावायचा आणि सगळ्या स्टेडियमनं तो परत द्यायचा. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1986 मध्ये नेबवर्थला शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर तो क्वीनबरोबर कधी रंगमंचावर गायला नाही.

कारण होतं एड्स. 1987 मध्ये त्याला कळलं. त्याची पूर्वीची मैत्रीण मेरी ऑस्टिन आयुष्यभर जिवाभावाची राहिली, आपलं घर त्यानं तिच्याच नावे ठेवलं. पुढं त्याचे संबंध पुरुषांशी होते आणि शेवटची वर्षं जिम हटन हा त्याचा जोडीदार त्याच्याबरोबर होता. पेपरवाले दारात ठाण मांडून बसले, तो नाही म्हणत राहिला. आणि काम करत राहिला. 1991 मध्ये उभं राहवत नसताना ‘मदर लव्ह’ हे गाणं गायला घेतलं, शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच. ते मग ब्रायन मेनं गायलं. 23 नोव्हेंबरला त्यानं जाहीर केलं, की मला एड्स आहे. दुसऱ्या दिवशी गेला. वय 45. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. नाव टाकलेला मुलगा शेवटी आईबापांच्या रीतीनंच गेला.

आमचं सगळ्यांत मोठं भांडण याच्यावरून झालं. दादाचा आवाज एकदम चढला. म्हणाला, चार वर्षं लपवलं! एवढा मोठा माणूस, त्यानं आधी सांगितलं असतं तर किती लोकांची भीती गेली असती, किती जणांना आधार झाला असता. भाची म्हणाली, आजार त्याचा, कधी सांगायचं तेही त्यानंच ठरवायचं. दादा उठला आणि काही न बोलता समुद्राकडं निघून गेला.

भाचीला कळेना, बाबा एवढे का चिडले. मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी तिला ते सांगितलं, आणि आज तुम्हालाही सांगते.

आमचा एक मावसभाऊ होता. दादाच्या बरोबरीचा, तोही शिपवर. या कॅसेट दोघे मिळून ऐकायचे. नव्वदीच्या दशकात तो आजारी होऊन घरी आला आणि वाळत गेला. गावात आम्ही सांगितलं, टीबी झालाय. त्याचं ताट-पेला वेगळं केलं, त्याच्या खोलीत मुलांना जाऊ दिलं नाही. मी शिकलेली मास्तरीण, पण मीसुद्धा दारातूनच बोलायची. आजाराचं खरं नाव त्यानंही कधी उच्चारलं नाही, आम्हीही नाही. सांगणार कुणाला? आम्ही ऐकून घेणारे असतो तर ना! तो गेला तेव्हा दादा समुद्रावर होता. परत आला आणि ती कॅसेट घरात पुन्हा लावली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी मुलीच्या मोबाइलवर ती गाणी वाजू लागली, तेव्हा तो परत बोलायला लागला.

फ्रेडीच्या आईनं पुढं सांगितलं होतं, की त्यानं आम्हाला दुःख नको म्हणून स्वतः काही सांगितलं नाही, पण आम्हाला कळत होतं. ती माउली 2016 मध्ये गेली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. माझ्या मावशीलाही कळत असणार. एका घरात राहून दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत राहिली.

फ्रेडीनं आधी सांगायला हवं होतं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण आजारी माणसाला जाब विचारण्याआधी आपलं घर कसं आहे ते बघायला हवं, एवढं मला पटलं. तेव्हा आजच्यासारखी औषधंही नव्हती. आयुष्य वाढवणारी एकत्रित औषधं 1996 च्या सुमारास आली, फ्रेडीनंतर पाच वर्षांनी. आपल्या देशात 2004 पासून ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली. वेळेवर सुरू करून नियमित घेतली तर माणूस चारचौघांसारखा जगतो. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं हा आजार होत नाही. 2017 च्या कायद्यानं अशा माणसाशी भेदभाव करायला आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार दुसऱ्याला सांगायला बंदी आहे. कुणाला विचारायचं असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे. हे सगळं आम्हाला तेव्हा ठाऊक असतं तर! फ्रेडीच्या मित्रांनी त्याच्या मागं मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट काढला, तो याच कामासाठी पैसा देतो.

संध्याकाळी दादा परत आला. भाचीनं त्याला काही विचारलं नाही, चहा दिला आणि शेजारी बसली. थोड्या वेळानं तोच बोलायला लागला, मावसभावाबद्दल. तो गिटार कशी वाजवायचा, हसायचा कसा, कुठलं गाणं त्याचं आवडतं होतं. इतक्या वर्षांत त्याचं नाव आमच्या ओट्यावर पहिल्यांदा निघालं. मी आतून त्याचा फोटो शोधून आणला. तो कपाटात कपड्यांच्या खाली होता. आता तो बाहेरच्या खोलीत, आईबाबांच्या फोटोशेजारी लावला आहे.

अॅडम लँबर्टवरून भांडण मात्र पुढच्या रविवारी परत सुरू झालं!